मलासंयम आणि वृद्धोपचाराचा उदय
मलविसर्जनावरील ताबा सुटणे, म्हणजेच मलासंयम, हा वार्धक्याचा अटळ भाग मानून अशा वृद्धांना अंथरुणातच ठेवण्याची रीत ब्रिटनमध्ये निराधारांसाठी चालविलेल्या जुन्या रुग्णगृहांत दीर्घकाळ रूढ होती. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे असे एक रुग्णगृह ताब्यात घेतल्यावर डॉ. मार्जरी वॉरन यांनी तेथील रुग्णांची पद्धतशीर तपासणी केली आणि १९४३ च्या लेखात मलमूत्रावर ताबा नसलेल्यांचा स्वतंत्र वर्ग मांडून, निदान, हालचाल आणि पुनर्वसन यांचा आग्रह धरला. पुढे डॉ. जॉन ब्रॉकलहर्स्ट यांनी १९५१ मध्ये वृद्धांच्या मलमूत्रावरील ताबा सुटण्याच्या विषयाला संपूर्ण ग्रंथ वाहिला. गुदाशयात साठलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो, तो जुलाब समजून मळ घट्ट करणारे औषध दिल्यास मूळ अडथळा वाढतो, हे ज्ञान या परंपरेत दृढ झाले. म्हणून वृद्ध स्नेह्याला अकस्मात हा त्रास झाल्यास स्वच्छता, कोरडी त्वचा व शौचालयाची जवळीक यांबरोबरच वैद्यकीय तपासणी तत्काळ करविणे आणि त्याला लाजिरवाणे वाटू न देणे, हे सोबत्याचे पहिले कर्तव्य ठरते.