फ्लिप व्हिडिओ कॅमेरा
फ्लिप व्हिडिओ कॅमेरा : खिशात मावणारा, केवळ चलच्चित्रणासाठी बनवलेला डिजिटल कॅमेरा. सॅन फ्रान्सिस्को येथील प्युअर डिजिटल टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो २००७ मध्ये बाजारात आणला. मागील लाल बटण दाबताच चित्रण सुरू होई. ते अंतर्गत स्मृतीत साठे (पहा : फ्लॅश मेमरी). बाजूने बाहेर येणारा यूएसबी जोड थेट संगणकाला लावता येई. २००९ मध्ये सिस्को सिस्टिम्सने सुमारे ५९ कोटी डॉलर किमतीचे समभाग देऊन कंपनी घेतली. त्याच वर्षी आयफोन ३जीएसमध्ये चित्रणाची सोय आली. चित्रण, काटछाट व प्रेषण एकाच उपकरणातून होऊ लागले (पहा : स्मार्टफोन). एप्रिल २०११ मध्ये सिस्कोने फ्लिपचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. स्वतंत्र खिसा-कॅमेऱ्याची जागा स्मार्टफोनने घेतल्याचे हे प्रमुख उदाहरण होय.