मोटारीचा विमा : कायद्याचा इतिहास आणि नव्या चालकाचा व्यवहार

करमाळा हे मुळात वाटेवरचे गाव. अहमदनगराहून (आजचे अहिल्यानगर) टेंभुर्णीकडे जाणारी वाट या गावावरून जाते, आणि जेऊरचे रेल्वे स्टेशनही फार दूर नाही. रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात कमलादेवीचे देऊळ उभारले, त्या काळी या वाटांवर बैल आणि घोडे चालत. माल लुटला गेला किंवा नदीच्या पुरात वाहून गेला, तर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हाच्या व्यापाऱ्यालाही सुटला नव्हता असे नाही. 'जोखमी हुंडी' हा प्रकार आपल्याकडच्या पेढ्यांना ठाऊक होता. माल सुखरूप पोचला तरच अशा हुंडीचे पैसे द्यावयाचे. धोक्याची किंमत ठरवून तो वाटून घेण्याची कल्पना, तेव्हा, विलायतेहून आली असे समजण्याचे कारण नाही. 'विमा' हा शब्दही आपण फारसीतून घेतला आहे, इंग्रजीतून नव्हे.

परंतु हुंडी राखी ती मालाला. वाटेवरच्या माणसाला राखण्याचा प्रश्न मोटारीने निर्माण केला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक पादचारी स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये मोटारीने घेतलेला हा पहिला पादचारी बळी मानतात. अशा मृताच्या कुटुंबाने काय करावे? आपल्या देशात १८५५चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. त्याने वारसांना दावा करण्याचा हक्क दिला होता. पण दावा दिवाणी न्यायालयात लावायचा, त्यासाठी खर्च करायचा, वर्षानुवर्षे खेटे घालायचे, आणि हुकूमनामा हाती आल्यावर मोटारवाल्याकडे काही नाही असे आढळले तर तो कागद नुसता जपून ठेवायचा! हक्क होता, पण वसुली नव्हती. मोटार विम्याचा सारा इतिहास या एका उणिवेतून निघाला आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ साली मोटारमालकाला विमा सक्तीचा केला. ब्रिटनने १९३०च्या रस्ते वाहतूक कायद्याने तेच केले. आपल्याकडे १९१४च्या पहिल्या मोटार कायद्यात अशी सक्ती नव्हती. १९३९च्या कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र आठवे प्रकरण घालण्यात आले. कायदा १ जुलै १९३९ रोजी अंमलात आला. पण मध्ये महायुद्ध गेले आणि विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. सामान्य माणूस मोटारीत बसू लागला आणि सामान्य माणूस मोटारीखाली सापडला तर त्याचे काय, याचा विचार कायद्याने केला, या दोन्ही गोष्टी अशा जवळजवळ बरोबरच घडल्या.

या सक्तीचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. कायद्याने सक्ती केली ती आपली गाडी राखण्याची नव्हे. गाडी मोडली तर मोडू दे, तो मालकाचा प्रश्न. सक्ती आहे ती त्रयस्थाच्या नुकसानीची, म्हणजे विमा करणारा मालक आणि विमा कंपनी या दोघांखेरीज जो तिसरा, रस्त्यावरचा, त्याच्यासाठी. बाजाराच्या दिवशी सायकलवरून घरी निघालेला शेतकरी किंवा शाळेतून येणारे मूल हे त्या विम्याचे खरे धनी आहेत. हप्ता आपण भरतो. हक्क त्यांचा असतो.

पुढची पावले याच दिशेने पडली. १९५६च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी खास न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या आल्या. १९८२ साली दोष कोणाचा हे सिद्ध न करताही काही रक्कम मिळण्याचे तत्त्व कायद्यात आले. १९८८चा नवा कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला. २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले, आणि २००७च्या आरंभापासून आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. त्रयस्थाच्या विम्याचे दर मात्र मोकळे झाले नाहीत.

येथे इतिहास व्यवहाराला येऊन मिळतो. 'स्वस्त विमा कोठे मिळेल?' असे नवा चालक विचारतो. त्याला पहिले उत्तर असे की, त्रयस्थ विम्यात घासाघीस करण्यासारखे काही नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात एक हजार सी. सी.पर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, त्यापुढे दीड हजारापर्यंत ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सी. सी.च्या दुचाकीला ७१४ रुपये असा हप्ता ठरला, कर वेगळा. म्हणजे लहान मोटारीला दिवसाला पावणेसहा रुपयांहून किंचित कमी, आणि दुचाकीला दोन रुपयांच्या आत. कोणी याहून फारच स्वस्तात कागद देत असेल, तर तो कागद खरा आहे की नाही हे कंपनीकडेच विचारून घ्यावे.

काटकसरीला जागा आहे ती दुसऱ्या भागात, आपल्या गाडीच्या विम्यात. येथे चार कंपन्यांचे दर जरूर विचारावेत. गाडी जुनी आणि किंमत थोडी असेल, तर नुसत्या त्रयस्थ विम्यावर भागवणे कायद्याला धरून आहे. गाडी नवी किंवा कर्जाची असेल, तर पूर्ण विमा घ्यावा. हप्ता कमी व्हावा म्हणून गाडीची किंमत कमी लावून घेणे ही काटकसर नव्हे. गाडी चोरीस गेली की तेवढीच किंमत हाती येते. त्यापेक्षा, लहानसहान नुकसान आपण सोसू असे कबूल करून हप्ता उतरवून घ्यावा. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या वर्षी गाडीच्या विम्यावर २० टक्के सूट मिळते, आणि ती ओळीने पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. तेव्हा बंपरच्या एका पोच्यासाठी ती घालवावी की नाही, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. गाडी बदलली तरी ती टिकते. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले तर ती बुडते.

जुनी गाडी विकत घेणाराने आणखी एक दक्षता घ्यावी. त्रयस्थ विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतो. पण गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवावे लागते. गाडी आणली, पेढे वाटले आणि कागद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिले, हे नेहमीचे दृश्य आहे.

परवान्याचे तर त्याहून महत्त्व आहे. शिकाऊ परवाना असलेल्याने शेजारी परवानाधारक शिकवणारा बसवल्याशिवाय आणि पुढेमागे 'एल'ची पाटी लावल्याशिवाय मोटार चालवू नये. स्वरणसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली या प्रश्नाचा विस्ताराने विचार केला. त्यातून रूढ झालेली पद्धत अशी की, परवान्यात खोट असली तरी कंपनीने आधी जखमीला किंवा वारसांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे त्रयस्थ वाचतो. मालक वाचत नाही. मुलगा हौसेने विनापरवाना गाडी बाहेर काढतो, आणि वसुली येऊन पोचते बापाच्या सात-बारावर.

आपल्या भागाला विशेष लागू असणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या यांची येथे रीघ लागते. लग्नसराईत टेम्पोतून वऱ्हाड जाते. मालवाहू गाडीत फुकट बसवलेला प्रवासी हा सक्तीच्या विम्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली दिला. माणुसकीने दहा जणांना बसवून घेणाऱ्या मालकाला हा नियम ठाऊक नसतो, आणि बसणाऱ्यांना तर त्याहून नसतो. तसेच घरगुती वापराची म्हणून विमा उतरवलेली मोटार भाड्याने फिरवली, तर स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाण्याची तयारी ठेवावी.

२०१९च्या दुरुस्तीने विनाविमा गाडी चालवण्याचा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुढे ४,००० रुपये केला. तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण दंडाचे भय हा आमच्या मते विमा उतरवण्याचा सर्वांत दुबळा हेतू होय. विमा नसलेल्या गाडीने एखाद्या घरचा कर्ता पुरुष गेला, तर भरपाईचा बोजा एकट्या मालकावर पडतो. त्याच्याकडे शेत असेल तर शेत जाते, आणि काही नसेल तर समोरचे घर उपाशी राहते. दोन कुटुंबे एका क्षणात बुडतात. तेच ओझे लाखो मालकांनी थोडे थोडे वाटून घेतले, की कोणीच बुडत नाही.

जोखमी हुंडी लिहिणाऱ्या पेढीला जे कळले होते, तेच मोटारमालकाने समजून घ्यावयाचे आहे. गाडीची किल्ली हाती घेताना विमापत्राची मुदत, मालकाचे नाव आणि परवाना या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि मगच रस्त्याला लागावे. वाटेवर आपण एकटे नसतो. वाट सर्वांची आहे.