विसण : वऱ्हाडातल्या बंबाचा इतिहास

अकोला म्हटले की आधी उन्हाळा आठवतो. पण पौषात याच अकोल्याचा आणि अमरावतीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा पहाटे वऱ्हाडातल्या वाड्यांमधून न्हाणीघराशेजारी तांब्याचे एक धूड धुमसू लागे : बंब.

शब्द बहुधा पोर्तुगीज ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून आलेला. आग विझवणारा तो बंब आणि आग पोटात बाळगणाराही बंबच!

रचना साधी. उभे पिंप, मधोमध आरपार नळकांडे, त्याच्या तळाशी जाळी. नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. रशियन समोवारही याच जातीचा. खरी खुबी मात्र नरसाळ्यात असे. त्याची नळी आत थेट तळापर्यंत जाई. वरून तांब्याभर गार पाणी ओतले की ते जड म्हणून खाली बसे आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडे. त्यामुळे बंब कधी रिकामा होत नसे. हे आवश्यकच होते. तांबे १०८५ अंशांना वितळते, पण सांध्यांची डाक त्याहून पुष्कळ आधी. कोरडा बंब पेटता राहिला की सांधे सुटलेच.

थंड देशांत लाकडावर चालणाऱ्या घरगुती बॉयलरला गरम-गार पाणी मिसळणारी झडप असते. येथे ते काम घंगाळात होई. कढत पाण्यात घालायच्या गार पाण्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, विसण. बाळाच्या पाण्याची परीक्षा कोपर बुडवून होई.

बिघाडही या मिसळण्यातच उमगे. विस्तव फुललेला, पहिला तांब्याही कढत, आणि लगेच पाणी कोमट झाले, तर नरसाळ्याची नळी आत तुटलेली. गार पाणी वरच्या वर मिसळते आहे. ते काम तांबटाचे. सगळेच पाणी उशिरा तापत असेल तर संशय थरावर : बाहेरून काजळी, आतून क्षार. अकोला-अमरावतीतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच खारे, तेव्हा हा दुसरा संशय दर्यापूरकडे अधिक रास्त.

आणि जळण? १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीने कापसाचे भाव चढवले. १८६७ मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. कापूस पसरला, चराऊ राने नांगराखाली गेली. सरपण देणारी झुडपे घटली आणि वेचणीनंतर उपटलेली पऱ्हाटी चुलीत आणि बंबात आली. बाभळीचा निखारा टिकतो. पऱ्हाटी भुरकन पेटते आणि विझते. म्हणून वऱ्हाडातल्या बंबापाशी कोणीतरी सतत बसून राहावे लागे. (मजुराच्या घरी बंब नव्हताच, तीन दगडांवर हंडा, आणि पऱ्हाटीही मालकाच्या शेतातली.)

बसणारी बहुधा घरातली सून. प्रत्येक तांब्यागणिक बंबातला कढतपणा थोडा उतरे. आंघोळीचा क्रम मात्र ठरलेला : आधी कर्ते पुरुष, मग मुले, मग सासू. बंब पेटवणारी सर्वांत शेवटी. तिच्या घंगाळाला विसण लागतच नसे.