टॅपची अँटीबॉडी आणि तिच्याआधी आलेल्या रिकाम्या पेशी

पीएच.डी. सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच तुमच्या हातात एक छोटीशी कुपी येईल. लेबलवर लिहिलेलं असेल ‘अँटी-टॅप१’. किंमत कळल्यावर तुम्ही ती बर्फावरून हलवणारसुद्धा नाही. मग वेस्टर्न ब्लॉट लावाल, ७० किलोडाल्टनच्या आसपास एक पट्टा दिसेल आणि लॅबमध्ये सगळे खूश होतील. आता मला सांगा, हा पट्टा टॅप१चाच आहे हे कशावरून? ‘लेबलवर लिहिलंय’ हे उत्तर व्हायव्हात चालणार नाही. चालेल असं उत्तर हवं असेल तर जरा मागे, १९८०च्या दशकात जावं लागतं.

आधी टॅप काय करतं ते थोडक्यात बघू. पेशीतल्या प्रथिनांचे (विषाणू शिरला असेल तर त्याच्याही प्रथिनांचे) तुकडे सायटोप्लाझममध्ये होतात. ते तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन टी-पेशींना दाखवणारे एमएचसी वर्ग-१चे रेणू मात्र तयार होतात एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या आत. मध्ये पडदा आहे. एटीपी खर्च करून तुकडे त्या पडद्यापलीकडे पोचवणारा हमाल म्हणजे टॅप. टॅप१ आणि टॅप२ या दोन प्रथिनांची ती जोडी असते. टी-पेशी विषाणूला एकट्याला ओळखत नाहीत, स्वतःच्या एमएचसीसोबतच ओळखतात, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं. पण तुकडा त्या एमएचसीपर्यंत पोचतो कसा, हे पुढची बरीच वर्षं कोडंच होतं.

ते सुटलं ते बिघडलेल्या पेशींमुळे, आणि गंमत म्हणजे त्या पेशी या कोड्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. स्टॉकहोममध्ये ल्युंगग्रेन आणि शेर्रे यांना नॅचरल किलर पेशींचा अभ्यास करायचा होता. त्यांना अंगावर एमएचसी जवळजवळ नसलेली पेशी हवी होती. त्यांनी उंदराच्या लिम्फोमाच्या पेशींना उत्परिवर्तन घडवणारं रसायन दिलं. मग एमएचसीविरुद्धची अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट घालून, ज्यांच्या अंगावर एमएचसी होतं त्या पेशी मारून टाकल्या. उरली ती आरएमए-एस. साधारण त्याच काळात अमेरिकेत साल्टर आणि क्रेसवेल यांच्याकडे टी२ ही मानवी पेशी तयार झाली. तिच्यात गुणसूत्राचा एक तुकडाच गायब होता.

मालेगावात लूमच्या खडखडाटात वाढलेल्यांना यातलं मर्म लगेच कळेल. ताण्याचा एक धागा तुटला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर कापडात लांबवर उभी रेघ पडत जाते. एवढ्या धाग्यांत तो एक धागा काय करत होता, हा प्रश्न रेघ दिसेपर्यंत कुणाच्या मनात येत नाही. आरएमए-एस ही अशीच एक रेघ होती. १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या टाउनसेंड यांच्या गटाने या पेशींना बाहेरून पेप्टाइड दिलं, आणि एमएचसी नीट जुळून यायला लागलं. म्हणजे एमएचसी शाबूत होतं, माल पोचत नव्हता. पुढच्या वर्षी असंही दिसलं की याच पेशी ३७ ऐवजी २६ अंशांवर वाढवल्या तर रिकामे एमएचसी रेणू पृष्ठभागापर्यंत येतात. मला या सगळ्या इतिहासातला हा प्रयोग सगळ्यात देखणा वाटतो. महागडं यंत्र नाही, नवा रेणू नाही, फक्त इनक्युबेटरचं तापमान उतरवलं.

जनुकं सापडली १९९० मध्ये, आणि तीही चार गटांना जवळजवळ एकदमच. प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं: रिंग४, पीएसएफ१, हॅम१, एमटीपी१. जुने पेपर वाचताना चार वेगळी प्रथिनं समजू नका, ते सगळं टॅप१च आहे. (उलटी गंमतही आहे. आरएनए केंद्रकाबाहेर नेणाऱ्या एनएक्सएफ१ या प्रथिनालाही ‘टॅप’च म्हणतात. अँटीबॉडी मागवताना नुसतं ‘टॅप’ शोधलंत तर भलतीच कुपी यायची.)

अँटीबॉडी आल्या त्यानंतर. सुरुवातीच्या बऱ्याचशा सशांच्या सीरममधल्या होत्या. सीरम म्हणजे काय ते आपल्याकडे गावोगाव माहीत असतं, फक्त त्या नावाने नाही. साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात देतात ते इंजेक्शन म्हणजे विष टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातल्या अनेक अँटीबॉडींचं मिश्रण. नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा चारही सापांवर चालायचं असल्यामुळे तिथे मिश्रणच हवं. ब्लॉटवर मात्र हेच मिश्रण नको ते पट्टेही दाखवू शकतं. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटीबॉडी सतत बनवणाऱ्या पेशी तयार करायची रीत काढली. त्याच रीतीने बनलेली १४८.३ ही टॅप१ची अँटीबॉडी १९९४ पासून प्रयोगशाळांमध्ये फिरते आहे. ती टॅप१च्या शेवटच्या टोकाला चिकटते.

पण मोनोक्लोनल आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? नाही. टॅप हे एबीसी कुटुंबातलं आहे. या कुटुंबात एटीपी धरणारा भाग सगळ्यांचा सारखाच दिसतो, आणि अँटीबॉडी त्या भागाविरुद्ध बनवलेली असेल तर चुलत भावंडांनाही चिकटू शकते. म्हणून टी२ हवी. टी१मध्ये टॅप आहे, तिच्यापासूनच काढलेल्या टी२मध्ये टॅप१ आणि टॅप२ दोन्हींची जनुकं नाहीत. दोघींचे नमुने एकाच जेलवर शेजारीशेजारी चालवा. टी१मध्ये दिसलेला पट्टा टी२मध्ये नसेल, तरच तो टॅपचा. इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर तो गडद होतो का, तेही बघा. आणि आरएमए-एस प्रसिद्ध आहे म्हणून टॅप१च्या कंट्रोलला घेऊ नका. ती उंदराची आहेच, शिवाय तिच्यात बिघाड आहे तो टॅप२मध्ये, टॅप१ जागेवर आहे.

एवढा काथ्याकूट कशासाठी, तर पुढे ही अँटीबॉडी रुग्णांच्या ऊतींवर वापरली जाते म्हणून. १९९४ मध्ये क्रोम आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ऊती रंगवून पाहिल्या. जिथे टॅप१ दिसत नव्हतं तिथे बहुतेक वेळा एमएचसीही गेलेलं होतं. म्हणजे ती गाठ टी-पेशींना दिसेनाशी होऊ शकते. आपल्याकडे हा दूरचा आजार नाही. याच कर्करोगाच्या तपासणीसाठी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १.३ लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही मृत्यू कमी होतात, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आलं.

अशी स्लाइड उद्या तुमच्यासमोर आली तर तुम्ही शोधत असाल रंग नसणं, आणि रंग तर अँटीबॉडी खराब झाली तरी येत नाही, ऊती फॉर्मॅलिनमध्ये जास्त वेळ राहिली तरी येत नाही. इथे टी२ शेजारी ठेवून पूर्ण भागत नाही, कारण ती त्या ऊतीबरोबर फॉर्मॅलिनमध्ये बुडलेली नव्हती. म्हणून आधी गाठीकडे बघूच नका. त्याच स्लाइडवर गाठीभोवतीच्या निरोगी पेशी आणि तिथे जमलेल्या लिम्फोसाइट शोधा. त्या रंगल्या असतील तर गाठ कोरी आहे या म्हणण्याला अर्थ आहे. त्याही कोऱ्या असतील तर स्लाइड बाजूला ठेवा आणि पुन्हा रंगवा.