दुष्काळानंतरची चूल

आयर्लंडमधील १८४५ ते १८५२ या काळातील दुष्काळाचा इतिहास बहुधा आकड्यांत सांगितला जातो: सुमारे १० लाख मृत्यू आणि जवळपास तितक्याच लोकांचे देशांतर. परंतु जे मागे उरले ते काय शिजवून जगले, हा प्रश्न या आकड्यांत मावत नाही. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. कारण माणसे ज्याविषयी बोलत नाहीत, ते पुष्कळदा त्यांच्या स्वयंपाकात टिकून राहते.

दुष्काळापूर्वी पश्चिमेकडील डोंगराळ भागांतील गरीब कुटुंबे मुख्यतः बटाटा आणि ताक यांवर जगत. 'लम्पर' ही जात निकृष्ट जमिनीतही भरघोस येई. रोगापुढे मात्र ती टिकली नाही. १८४५च्या अखेरीस पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून १ लाख पौंड किमतीचा मका गुपचूप मागवला. तो दळण्यास कठीण, आणि शिजवण्याची रीत लोकांस अपरिचित. अर्धकच्चा खाऊन पोटे बिघडली आणि त्या पिवळ्या पिठाला 'पीलचे गंधक' असे नाव पडले. तरीही ते पीठ गेले नाही. १८९०च्या दशकातील 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डा'च्या पाहणी-अहवालांत पश्चिमेकडील कुटुंबांच्या आहारात बटाट्याशेजारी मक्याचे पीठ आणि विकतचा चहा नोंदलेला आढळतो. ज्याची कुचेष्टा झाली, तेच पीठ रोजच्या पेजेत शिरले होते.

लिट्रिम, कॅव्हन, मेयो या भागांतील 'बॉक्स्टी'ही अशीच वाचावी लागते. पत्र्याला खिळ्याने भोके पाडून केलेल्या किसणीवर कच्चे बटाटे किसायचे, फडक्यातून पिळायचे, त्यात उकडलेला बटाटा आणि पीठ मिसळून भाजायचे. पिळलेल्या पाण्याच्या तळाशी बसणारे सत्त्वही वाया जात नसे. ते कपड्यांच्या खळीसाठी वापरले जाई. काहीही टाकायचे नाही, हाच या पाककृतीचा पाया आहे.

१९३७-३८मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील मुलांकडून वृद्धांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्यासाठीच्या विषयांत 'दुष्काळाचा काळ' आणि 'जुन्या काळचे अन्न' ही दोन वेगळी शीर्षके होती. साहित्याच्या अभ्यासकांनी ती एकत्र वाचावीत, असे आम्ही सुचवू इच्छितो. आज बॉक्स्टी पर्यटकांपुढे 'पारंपरिक' खाद्य म्हणून येते. ती चवीने खाण्यात काहीच गैर नाही. मात्र त्या परंपरेत टंचाईचा वाटा किती, हे विसरले, तर उरते ते केवळ आजीच्या हातच्या चवीचे गोड स्मरण. त्या आजीने ती काटकसर का शिकली, हे कुणी विचारत नाही.