हीटर बंद, मोटार दुरुस्तीला अन् वॉरंटीची मुदत मात्र चालू!

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोलीचा जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत समावेश झाला. येथील गृहसंकुलांच्या वाहनतळांवर विजेवरील मोटारींची आता नवलाई राहिलेली नाही. याच रस्त्याने पुढे गेल्यास रांजणगाव औद्योगिक वसाहत लागते. जानेवारी २०२० मध्ये विजेवरील रूपात बाजारात आलेल्या ‘नेक्सॉन’चे उत्पादन तेथेच होते. मात्र, कारखाना कोणाचाही व कितीही जवळ असला, तरी बिघडलेल्या मोटारीचा सुटा भाग ग्राहकाला तेथून थेट मिळत नाही. तो कंपनीचे भांडार आणि सर्व्हिस सेंटर या मार्गानेच येतो. हीटर किंवा वातानुकूलन यंत्रणा बंद पडून ‘भाग मागविला आहे’ एवढेच उत्तर मिळू लागल्यास काय करावे, याविषयीची ही माहिती.

हीटर वेगळा कसा?

पेट्रोल वा डिझेलच्या मोटारीत इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आतील हवा तापविण्यासाठी वापरली जाते. विजेवरील मोटारीत इंजिन नसल्याने उष्णता स्वतंत्रपणे निर्माण करावी लागते. त्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत ‘पीटीसी’ प्रकारचा सिरॅमिक हीटर मुख्य बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो. तापमान वाढले, की त्याचा विद्युतरोध वाढतो व तो आपोआप मर्यादेत राहतो. दुसरी पद्धत ‘हीट पंपा’ची. यात वातानुकूलन यंत्रणेचेच चक्र उलटे फिरवून बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणली जाते. त्यामुळे वीज कमी लागते.

पुण्याच्या हवेत हीटरची गरज ती किती, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु पावसाळ्यात व थंडीच्या पहाटे समोरच्या काचेवर धरणारे बाष्प हटविण्याचे काम हीच यंत्रणा करते. शिवाय, द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीच्या अनेक मोटारींत वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर बॅटरीचे तापमानही आटोक्यात ठेवतो. तो बिघडल्यास जलद चार्जिंगचा वेग मंदावू शकतो. त्यामुळे हा केवळ आरामाचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. अमेरिकेत टेस्ला कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये २६,६८१ मोटारींसाठी ‘रिकॉल’ जाहीर केले, तेही याच कारणाने. सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे हीट पंपाची झडप नको तेव्हा उघडून काच स्वच्छ होण्यास विलंब होण्याची शक्यता होती.

विलंब का होतो?

हीटर व कॉम्प्रेसर नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या वायरींनी जोडलेले असतात. त्यांना हात लावण्यापूर्वी मुख्य बॅटरीचा प्रवाह तोडावा लागतो आणि हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञच करू शकतो. दोषाचे निदान संगणकाद्वारे होते आणि बहुधा भाग दुरुस्त न करता संपूर्ण बदलला जातो. तो भाग भांडारात नसल्यास मोटार उभी राहते. नेहमीच्या गॅरेजमध्ये ही यंत्रणा उघडल्यास जिवाला धोका तर असतोच, शिवाय वॉरंटीही नाकारली जाण्याची शक्यता असते. तक्रार नोंदविण्यापूर्वी फ्यूज, बारा व्होल्टची लहान बॅटरी व केबिनचा एअर फिल्टर तपासून घ्यावा. मुख्य बॅटरीतील वीज फार कमी झाल्यास काही मोटारी हीटर आपणहून बंद करतात, हेही ध्यानात ठेवावे.

वॉरंटीत काय असते, काय नसते?

जाहिरातीतील ‘आठ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटर’ ही हमी साधारणतः बॅटरीपुरती असते. हीटर व कॉम्प्रेसर सहसा वाहनाच्या तुलनेने अल्प मुदतीच्या वॉरंटीत मोडतात. सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचे वचन तीत असते. परंतु ते किती दिवसांत पाळायचे, याचा उल्लेख बहुधा नसतो. ग्राहकाची खरी अडचण येथेच होते. मोटार दारात नसली, तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि वॉरंटीची मुदतही सरत राहते.

मोटारच बदलून मिळावी, ही मागणीही सहज मान्य होत नाही. मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये, वॉरंटीच्या अटींनुसार कंपनीवर सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची जबाबदारी येते, संपूर्ण मोटार बदलण्याची नव्हे, असा निर्णय दिला. त्यामुळे प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा लेखी पुरावा हेच ग्राहकाचे बळ ठरते.

हे जरूर करावे

- मोटार जमा करताना जॉब कार्डवर तक्रार, तारीख व किलोमीटरची नोंद करून घ्यावी. ‘एसी तपासणी’ असे मोघम न लिहिता ‘हीटर चालत नाही, काचेवरील बाष्प हटत नाही’ असे स्पष्ट लिहावे.
- बिघाडाचे छायाचित्र वा चित्रफीत घ्यावी.
- भाग कधी मागविला व कधी अपेक्षित आहे, हे ई-मेलने विचारावे. दूरध्वनीवरील आश्वासनही ई-मेलने कळवून ठेवावे.
- पर्यायी मोटार व वॉरंटीची वाढीव मुदत यांची लेखी मागणी करावी. टॅक्सीच्या पावत्या जपाव्यात.
- दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि विक्रेता व उत्पादक या दोघांनाही नोटीस पाठवावी.

ग्राहक आयोगाचा मार्ग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय कोठेही असले, तरी वाघोलीच्या रहिवाशाला पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते. १० ते २० लाखांच्या मोटारीसाठी ४०० रुपये शुल्क आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते. आयोग दोष दूर करण्याचा, भाग बदलण्याचा, पैसे परत करण्याचा वा भरपाईचा आदेश देऊ शकतो.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. कंपनीशी पत्रव्यवहार सुरू आहे, एवढ्याने ही मुदत वाढत नाही. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत व प्रयोगशाळेतील चाचणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा अधिक काळ लागतो. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या मोटारीला या कायद्याचे संरक्षण नाही; मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः चालविण्यास घेतलेली मोटार त्याला अपवाद आहे.

तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही प्रतिवादी करणे श्रेयस्कर. गोव्यातील एका ग्राहकाला आधीच्या वर्षाची मोटार दिल्याच्या वादात, विक्रेत्याच्या कृतीस उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. सुटा भाग न येण्याला नेमके कोण जबाबदार, हे ग्राहकाला आधी कळत नाही; दोघेही समोर असले, तर ते आयोगाला ठरविता येते.