कुंडीतील मातीचा निचरा व वायुवीजन
कुंडीतील जादा पाणी वाहून जाऊन मुळांना हवा मिळण्याची व्यवस्था. काळ्या मातीत ही व्यवस्था बिघडते; उदाहरणार्थ, वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघे परिसरातील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील चिकणखनिजे पाण्याने फुगतात, वाळल्यावर भेगाळतात. कुंडीत तिची सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरून राहतात; ऑक्सिजनअभावी मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात. उपाय म्हणून माती, जाड वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळतात. कोकोपीट किंवा धानाच्या तुसानेही माती भुसभुशीत होते. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा उपडा ठेवतात. खड्यांच्या जाड थराने मात्र निचरा सुधारत नाही. कारण वरची बारीक माती संपृक्त झाल्याशिवाय पाणी खड्यांच्या थरात उतरत नाही. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी ओतून द्यावे लागते.